रघुदादाचं पान

"लते, रोह्याला ये. पानं तपासायचीत," एवढं बोलून रघुदादाने फोन ठेवला. मी इथे पेणला अंगणात पापड पसरत होते, हात पिठाने भरलेले. परत फोन लावून विचारलं, मोबाइलवर पाठवता येत नाहीत का रे? तर म्हणे, "नाय, तू ये." आणि परत ठेवला! असली मोजून बोलणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. पण सख्खा चुलतभाऊ, सत्तरी गाठलेला, घरात एकटा. चडफडत दुपारची एसटी पकडली आणि नागोठण्यापर्यंत उभ्याने गेले.

पानं म्हणजे आमच्या कुळवृत्तांताची. आमचं कुळ पूर्वी खोतीचं, आता मास्तर, वकील, डॉक्टर होऊन चारी दिशांना पांगलेलं. सगळ्या घरांची माहिती एका पुस्तकात आणायची असं आमच्या कुळाच्या मंडळाने ठरवलं. मुलींच्याही नोंदी घ्यायच्या, हे मी भरसभेत भांडून घेतलं. काम मात्र पडलं दादाच्या गळ्यात. धाटावच्या एका कंपनीत त्याने शेवटची दहा वर्षं हेच केलं होतं. रसायनांची माहिती संगणकात साठवायची आणि प्रत्येक पिंपाबरोबर जाणारा कागद त्यातून छापून काढायचा.

एकदा मला समजावलंन त्याने. "प्रत्येक माहितीला दोन्ही बाजूंनी पाटी लावायची. इथे नाव सुरू, इथे नाव संपलं. इथे जन्म सुरू, इथे संपला. ह्याला एक्सएमएल म्हणतात. ते सगळं डेटाबेसात पडून राहतं. छापायचं झालं की साचा त्या पाट्या वाचतो आणि पान तयार करतो." पेणला घरोघरी गणपतींचे साचे, तिथल्या बाईला साचा काय शिकवतोस, म्हटलं. तेव्हा हसला होता. मालूवहिनी गेल्यानंतर तो हसलेला मी तेवढाच पाहिला.

वहिनीला जाऊन सहा वर्षं झाली. मेसचा डबा येतो, तो ओट्याशी उभा राहूनच खातो. कुळवृत्तांतासाठी नागपूरला, इंदूरला, कुठे कुठे फोन करतो. तुमच्या आजोबांचं नाव काय, जन्म कधीचा. लोक सांगतात आणि ठेवतात. तुम्ही कसे आहात, असं कोणी विचारत नाही. मी तरी कुठे विचारत होते? दोन दोन महिने माझा फोन नसायचा, खोटं कशाला बोलू.

मी पोचले तेव्हा त्याने दार उघडलं आणि दोनदा खाकरला. "सकाळपासून बोललो नाय कोणाशी, घसा बसतो," म्हणाला. टेबलावर चारशे पानांचा गठ्ठा होता. चहा घेऊन मी कामाला लागले. माझं पान बघितलं, माझ्या मुलांची बघितली, सगळं चोख. मग दोनशे अकरावं पान आलं, दादाचं. त्याचं नाव, जन्म, शिक्षण, पत्नीचं नाव. आणि खाली जाड ठशात एकच शब्द: निर्वंश.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "हा शब्द कोणी टाकलान इथे?"

"कोणी नाय. साचा टाकतो. छापण्याजोगं एकही मूल दिसलं नाय की."

"आणि साचा कोणी लिहिला?"

"मीच."

"मग काढ की मेल्या तो!"

"नियम मंडळाचा हाय. सगळ्यांना लागू, तसा मला पण. सोमवारी निमिष फाइल छापखान्यात देणार." निमिष म्हणजे मंडळाचा चिटणीस, पेणला वकिली करतो.

"पण तुला मुलगी झाली होती, दादा."

बोलून गेले आणि माझी मीच दचकले. चाळीस वर्षांत आमच्या घरात हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. पंच्याऐंशी सालचा वैशाख. मुलगी नवव्या दिवशी गेली आणि बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं. बारशाआधी गेलेल्या मुलाला नाव नसतं, आणि ज्याला नाव नाही त्याचा विषय आमच्याकडे काढत नाहीत. पाळणा माळ्यावर गेला, झालं.

दादाने स्क्रीन माझ्याकडे वळवला. मुलीची नोंद होती. जन्माची तारीख होती, गेल्याची होती. फक्त नावाच्या दोन पाट्यांच्या मध्ये काही नव्हतं.

"दोन वर्षांपूर्वी पहिली नोंद हीच केली मी," तो म्हणाला. "पण नाव नसलं तर साचा ते मूल छापत नाय. मोजत पण नाय."

"मग घाल एखादं नाव! कोण बघायला येतंय?"

"असं कसं घालू? नाव आत्या ठेवते." मग खाली बघत म्हणाला, "मालूने ठरवलं होतं काहीतरी. मला म्हणाली, बारशाला कळेल. तुला... तुला सांगितलं होतंन का?"

अगं बाई! म्हणजे ह्यासाठी मला बोलावलं होतं. पानं तपासायचं नुसतं निमित्त.

सांगितलं होतं वहिनीने. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून आत्याचा मान माझा. बाळाला कुंची बांधता बांधता म्हणाली होती, "वन्सं, हे ठेवायचं हं. ह्यांना इतक्यात सांगू नका, गंमत." पुढे कोणाला सांगणार? मला वाटलं, त्याला विसरायचं असेल. त्याला वाटलं, मी विसरले असेन. आणि वहिनीबरोबर तो एका छपराखाली चौतीस वर्षं राहिला, ह्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. काय म्हणावं ह्याला! मला त्याचा राग आला, माझा आला, आणि मग नुसतं रडूच आलं.

"सांग, टाइप करतो." त्याने बोटं सरसावली.

"असं नाही सांगत कोणी. इकडे कान कर."

तो एवढा सत्तर वर्षांचा माणूस खुर्चीतून वाकला. मी त्याचा चेहरा धरला, कुर्रर्र केलं, तेही धड जमेना. मग कानात नाव सांगितलं.

तो सरळ झाला, कीबोर्ड पुढे ओढलान. नंतर एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप केलंन. दिवसाला चाळीस पानं भरणारा माणूस तो. प्रिंटर घरघरला आणि दोनशे अकरावं पान पुन्हा बाहेर आलं. कन्या: वैशाली. २ मे १९८५ ते १० मे १९८५. खाली मोकळी जागा होती.

"तो शब्द काढलास?" मी विचारलं.

"नाय. मी साच्याला हात लावला नाय. मूल दिसलं की तो शब्द येतच नाय."

पान त्याने दोन्ही हातांत धरलं. माझ्याकडे न बघता स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि मोठ्याने हाक मारलीन, "मालू, बघ गो..."

आणि मग पान हातात तसंच धरून तिथे उभा राहिला.