दुर्बीणराव आणि दुसऱ्या हातातली पट्टी

दुर्बीणराव कधी स्वस्थ बसलेत, असं त्यांच्या बायकोने लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. टीव्हीसमोर तर नाहीच. माणसं टीव्ही बघताना पाय पसरतात, डुलक्या काढतात. हे खुर्चीच्या अगदी कडेला बसायचे, एक गुडघा शिवणयंत्राच्या पायडलसारखा हलत असायचा, आणि डोळे असे ताणलेले, की कोणीतरी आत्ता पळून जाणार आहे नि यांनाच त्याला धरायचंय.

"थांब, मागे घेतो," म्हणत ते रिमोट दाबायचे. "हे बघ. घरातून निघाली तेव्हा केस मोकळे. रस्त्यावर पाऊल टाकलं तर वेणी. दारात काय केशभूषावाली बसवलीय?"

"असेल घातली वेणी. तुमच्या केसांना तर काही झालं नाही ना?" बायको म्हणायची. यांचं टक्कल बघता हे बोलणं जरा लागायचं.

दुर्बीण हे नाव नोकरीतलं. एका मोठ्या कारखान्यात ते आजारपणाच्या रजेच्या खिडकीवर होते. खोकणारे, कण्हणारे, पट्ट्या बांधलेले कामगार समोर यायचे. त्यातले खरे कोण आणि सोंगं कोणाची, हे ओळखणं हीच यांची भाकरी. उजव्या पायाने लंगडत आलेला माणूस परत जाताना डाव्या पायाने लंगडला, की हे आतून ओरडायचे, "अहो, पाय विसरला तुमचा!" निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ती टीव्हीवर येऊन बसली. मालिकांमधल्या चुका पकडणाऱ्यांचा फोनवर एक मोठा ग्रुप होता. त्यात चित्रं टाकून टाकून आपले दुर्बीणराव तिथले राजे झाले. नुसतं 'दुर्बीण' म्हटलं की लोक मुजरा करायचे. खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

घरात एक मुलगी होती, शिकून नोकरीला लागलेली. जाहिराती बनवणाऱ्या कंपनीत हिशेब बघते, असं तिने सांगितलं होतं. दुपारचं जेवण झालं, की दुर्बीणराव तिला न चुकता फोन करायचे आणि आदल्या संध्याकाळच्या चुका वाचून दाखवाव्यात तशा सांगायचे. ती "हो बाबा, हो बाबा" म्हणायची. बाप मनात म्हणायचा, पोरीला आपल्यासारखीच आवड आहे. माणसाला दुसऱ्याच्या हातातला घोटभर कमी झालेला चहा दिसतो, पण घरातल्या माणसाचा कंटाळलेला आवाज ऐकू येत नाही, त्यातली ही गत.

रात्री आठच्या मालिकेत तेव्हा एक दुष्ट मेहुणा होता. बहिणीच्या नवऱ्याची गिरणी त्याने घशात घातली होती, आणि ती परत करायच्या कागदांवर सही करायची वेळ आली, तेव्हाच तो जिन्यावरून पडला. उजवा हात पट्टीने गळ्यात बांधलेला, सही कशी करणार? सगळं प्रकरण लोंबकळलं. आणि एका संध्याकाळी दुर्बीणराव खुर्चीवरून उडालेच. जाहिरातींच्या आधी मेहुण्याचा उजवा हात गळ्यात होता. जाहिराती संपल्या, तोच सोफा, तोच सदरा, आणि गळ्यात डावा हात! उजव्या हाताने गडी मजेत कप उचलून चहा पीत होता.

एवढा मोठा मासा त्यांच्या गळाला कधी लागला नव्हता. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून त्यांनी ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण." सकाळपर्यंत ते चित्र ज्याच्या त्याच्या फोनवर होतं. दुपारी बातम्यांतसुद्धा दाखवलं. दुर्बीणराव घरभर येरझाऱ्या घालत होते, चहा गार होत होता, आणि फोन वाजला की लहान मुलासारखे धावत होते. आनंदाने माणूस इतका अस्वस्थ होतो, हे बायकोने पहिल्यांदाच बघितलं.

मुलीला फोन लावला, तिने उचलला नाही. ती संध्याकाळी, नेहमीपेक्षा लवकर घरी आली. पर्स टेबलावर ठेवली, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "दुर्बीण म्हणजे तुम्हीच ना बाबा?"

"मग! बघितलंस का?"

"ती पट्टी सांभाळायचं काम माझं होतं."

दुर्बीणरावांना आधी काही कळलंच नाही. मग ती खाली बसली आणि सगळं बोलली. जाहिराती नाहीत नि हिशेब नाहीत. याच मालिकेच्या सेटवर ती कामाला होती. आधीच्या दृश्यात कप कुठे होता, कोणाचं बटण उघडं होतं, कोणता हात बांधलेला होता, हे सगळं पुढच्या दृश्यात तसंच राहील हे बघणारी मुलगी. चित्रीकरण तुकड्यातुकड्यांत होतं, दुवा तेवढा तिने सांभाळायचा. उद्या निर्मात्यांनी बोलावलं होतं. कशाला बोलावलं असेल हे सेटवरच्या चहावाल्यालासुद्धा माहीत होतं.

"पण आम्हाला खोटं का सांगितलंस गं?" आईने विचारलं.

मुलगी बापाकडे बघत म्हणाली, "पहिलीत असताना मी घराचं चित्र काढलं होतं. आठवतं? तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, सूर्य उजवीकडे आणि झाडाची सावलीही उजवीकडेच? असं कसं होईल? बरोबरच होतं तुमचं. मी नंतर चित्र काढलंच नाही. हे काम मला आवडतं बाबा. तुम्ही बघताय हे मनात ठेवून मला ते जमलं नसतं."

दुर्बीणरावांचा गुडघा थांबला. "पण तुझी नजर तर... तुझ्यासमोर हात कसा बदलला?"

"मी समोर नव्हते. जेवणाच्या सुट्टीनंतर नवीन मेकअपवाल्याने पट्टी पुन्हा बांधली, तेव्हा मी बाहेर होते. फोनवर." तिने पर्स जवळ ओढली. "तुमचाच होता. आदल्या दिवशीच्या भिंतीवरच्या घड्याळाचं सांगत होतात. ठेवता ठेवत नव्हतात. आत आले तर कॅमेरा चालू झाला होता, आणि मी घाईत एकदाच बघितलं. माझीच चूक."

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं तुम्हाला," बायको एवढंच बोलली. मुसळाचं तिने बोलून दाखवलं नाही, पण ते घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

"मी ते चित्र काढून टाकतो," दुर्बीणराव म्हणाले.

"आता काढून काय होणार? ज्याच्या त्याच्याकडे आहे ते."

त्यांना वाईट वाटलं. आणि राग आला तो स्वतःच्या त्या हौसेचा. पोरीच्या पायावर धोंडा त्यांनी घातला होता, आणि वर सगळ्या जगाला टाळ्या वाजवायला बोलावलं होतं.

उजाडताच ते उठले. खिडकी उघडली, लावली, चपला घातल्या, काढल्या. बायको म्हणाली, "एका जागी बसा हो, मला घेरी येईल." पण त्यांच्या डोक्यात आपली जुनी खिडकी आली होती. एक कामगार आठवला. सोमवारी उजवा हात बांधून रजा घेऊन गेला, आणि पुन्हा रजा मागायला आला तेव्हा बांधलेला हात डावा. यांनी विचारलं, "दुखतंय नक्की कुठे?" तो ओशाळून म्हणाला होता, "साहेब, घरी भांडण झालंय. हाताला काही नाही."

दुर्बीणराव तसेच मुलीच्या खोलीत गेले. ती केस बांधत होती.

"बाळ, खरा मोडलेला हात माणूस विसरत नाही. पट्टी कधी हात बदलते? हात मोडलेला नसतो तेव्हा! तुमचा तो मेहुणा सोंग करतोय. सही टाळायला."

ती आरशातूनच त्यांच्याकडे बघत राहिली.

"सहीचा हात मोडला म्हणतो, आणि त्याच हाताने चहा पितो," ते घाईघाईने म्हणाले. "तुमच्या लेखकाला सांग, ही चूक नाहीच. बहिणीने ते बघितलं, आणि भावाला पकडलं. माझ्या खिडकीवर शंभरदा झालंय हे. फक्त मी सांगितलं म्हणू नकोस."

ती पर्स उचलून निघून गेली. त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्यांचा हात सवयीने फोनकडे गेला. त्यांनी फोन कपाटात ठेवला आणि कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

लेखकाने म्हणे ते ऐकून खुशीत टेबलावर थाप मारली, आणि निर्मात्याने ही गोष्ट आधीपासूनच ठरलेली होती असं सांगायचं ठरवलं. मुलीची नोकरी राहिली. त्या भागाची जाहिरातच अशी झाली: 'तुम्हाला चूक वाटली? तो डाव होता!'

मग ग्रुपवाल्यांनी आपल्या राजाला गाढवावर बसवलं. "दुर्बीणराव, काचा पुसा!" "आजोबांना गोष्टच कळली नाही!" ज्यांच्या चुका यांनी काढल्या होत्या तेही पुढे होते. दुर्बीणरावांचा चेहरा लाल झाला. चूक खरीच होती, आणि डावही त्यांचाच होता; दोन्हीतलं एकही सांगता येत नव्हतं, कारण सांगितलं की मुलगी अडकली. ते बराच वेळ अंगठा फोनवर धरून बसले. मग त्यांनी लिहिलं, "चुकलो. नजर कमी पडली." आयुष्यात हे शब्द त्यांनी पहिल्यांदा लिहिले होते, आणि त्यांना ते अजिबात आवडले नाहीत.

तो भाग लागायचा होता त्या रात्री आठ वाजता तिघं टीव्हीसमोर बसली. मुलगी पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसून ही मालिका बघत होती. पडद्यावर बहीण भावाला म्हणाली, "दादा, काल हा हात बरा होता." मेहुण्याचं तोंड उतरलं. आईने टाळी वाजवली.

मग बहीण खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खिडकी उजवीकडे होती, तिच्यातून छान पिवळं ऊन आत येत होतं. आणि फुलदाणीची सावली पडली होती तीही खिडकीकडेच. उजवीकडे.

दुर्बीणरावांचा गुडघा हलायला लागला. रिमोटवरची बोटं आवळली गेली. मुलीने ती सावली केव्हाच पाहिली होती. ते काम दिवेवाल्यांचं, तिचं नव्हे. पण ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती बापाकडे बघत होती.

"काय हो बाबा?" तिने हळूच विचारलं.

"काही नाही," दुर्बीणराव म्हणाले. गुडघा अजून हलतच होता. "ऊन किती सुरेख पडलंय, नाही?"

मुलीने हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.