शांतीच्या धवल्यातली नावं

"घाई तुमची हाय, गानं माझं हाय," असं शांती म्हणायची. लग्नघरात कोणी घड्याळाकडे बघितलं की म्हणायची. भटजींनी मुहूर्ताचं टुमणं लावलं की म्हणायची. आणि म्हणून झालं की डोळे मिटून मागचं कडवं पुन्हा धरायची. खारीगावात तिच्यापुढे कोणाची घाई चालली नाही.

शांती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीला, तेलाला, मांडवाला धवले गायचे असतात. ते गाते ती धवलारीण. मांडवात तिचा पाट पहिला. देवांना ती नावाने बोलावते, आणि घरातल्या मेलेल्या माणसांनाही. या, बसा, तुमच्या नातीची हळद आहे, असं एकेकाला सांगते. तिने सांगितल्याशिवाय ते येत नाहीत आणि ते आल्याशिवाय हळद लागत नाही, अशी खारीतल्या जुन्या माणसांची समजूत आहे.

हे गाणं ती मिठागरात शिकली. मावशी पुढे, ती मागे, दोघींच्या डोक्यावर मिठाच्या टोपल्या आणि पायाखाली हातभर रुंदीचा बांध. मावशी एक ओळ टाकायची, शांती ती उचलायची. अक्षरओळख तिला कधी झाली नाही, पण धवल्यातला एक शब्द तिच्याकडून सांडला नाही. आणि तिचं गाणं थांबायचं, हा त्याचा खरा गुण. नवरीचा मामा चेण्याहून निघालेला असायचा आणि काशीमीऱ्याला ट्रकांच्या रांगेत अडकलेला असायचा. तोवर शांती मांडवाचा एकेक खांब गात राहायची. मामा दारात आला की गाणंही दारात यायचं.

हेमांगी ही तिची सून. मीरा रोडच्या एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करते. सासूचा आवाज गाताना मध्येच फाटतो हे पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं. तिनेच तिला डॉक्टरांकडे नेलं. घशात गाठी आहेत, वर्षभरात आवाज बसेल, असं डॉक्टर म्हणाले.  घरी आल्यावर पाय धुताना शांती म्हणाली, "आवाज जातो तर जाव दे गो. पन मना पाटावर बसवतील का पावन्यांच्या खुर्चीवर, तेवढं सांग."

 दिवाळीच्या बोनसातून हेमांगीने एक प्लेअर आणला. निळा, काडेपेटीएवढा, गाणी वाजवणारा आणि आवाज टिपूनही घेणारा.

"फोनात न्हाय का होत हे?" शांतीने विचारलं.

"होतं. पण फोन वाजतो, आई. तुम्ही हळदीचं गात असाल आणि मध्येच बँकवाली बाई कर्ज हवंय का विचारेल. ह्याला नेट लागत नाही, ह्याच्यावर कोणाचा फोन येत नाही. ह्यात फक्त गाणं राहतं."

"चल, मग गा म्हन त्याला."

"आधी तुम्ही गायचं. आत्ता, इथे."

"इथं? कोनाची हलद हाय इथं? भिंतीची?"

रिकाम्या खोलीत धवला गाणं तिला पटेना. मग महिनाभराने गावातल्या पंढरीनाथच्या मुलीच्या लग्नात हेमांगी तो प्लेअर मुठीत धरून सासूच्या मांडीला मांडी लावून बसली, आणि पहाटेच्या तेलापासून दुपारच्या हळदीपर्यंत सगळं त्याच्यात भरून घेतलं. शांतीचं ते शेवटचं मोकळं गाणं.

घरी येऊन कानात त्याच्या बोंड्या घातल्या तेव्हा शांती दचकली. "ही कोन बाई? नाकात गाते मेली." मग बराच वेळ ऐकत बसली. मध्येच हसली. गाण्याच्या मागे कोणी बाई खदखदून हसत होती. ती सखूबाई, तिची मिठागरातली जोडीदारीण. पावसाळ्यात सखूबाई गेली. पण त्या निळ्या डबीत ती रोज त्याच ओळीला हसत राहिली. शांतीला त्या हसण्याची सवय लागली. मासळी निवडताना, लसूण सोलताना, कानात डबी. दूध उतू गेलं तरी पत्ता नाही. दारावर सिलिंडरवाला हाका मारून परत गेला. शेजारीण हेमांगीला म्हणाली, "तुझी सासू कॉलेजची पोरगी झालीय काय गं? हाक मारली तर बघत पण नाही. एवढी काय मोठी झाली?"

हेमांगीने हे सांगितलं तेव्हा शांती म्हणाली, "तिला सांग, मी सखूशी बोलते."

ती हसत होती, पण त्या दिवशी हेमांगीला वाटलं, आपण आणून दिली ती वस्तू चांगली का वाईट? जे गेलं ते त्या डबीने परत दिलं खरं. पण समोर जे चाललं होतं ते सासूला ऐकू येईनासं झालं.

आवाज डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा लवकर बसला. उरली ती कुजबुज. चूल पेटवताना फुंकर घालावी, तसं बोलणं.

वैशाखात गावातला गुणवंत घरी आला. त्याच्या मुलीचं, सुचेताचं लग्न ठरलं होतं. चहा घेऊन म्हणाला, "काकी, तू नुसती ये. त्रास घ्यायचा नाय. ती डबी दे, माझा पुतण्या निकेत स्पीकरला जोडील." शांतीने हेमांगीकडे बघितलं, मग फडताळातून डबी काढून त्याच्या हातात ठेवली. घरातलं तान्हं पोर शेजाऱ्याकडे द्यावं तशी, दोन्ही हातांनी.

हळदीच्या दिवशी सकाळी सासू-सुना मांडवात गेल्या. तिथे पाट मांडलेला होता. पाटावर लाल कापड, कापडावर डबी, डबीला हळदकुंकू, वर अक्षता. रिक्षाला दसऱ्याला लावतात तसं. गुणवंतच्या बायकोने शांतीला मानाने हात धरून नेलं आणि पाहुण्यांच्या दुसऱ्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. "इथं पंखा हाय काकी, बरं वाटंल."

शांती बसली. पंख्याचा वारा तिच्या पदराला हलवत राहिला. हेमांगीला तिच्याकडे बघवेना.

निकेतने वायर जोडली आणि शांतीचा भरला आवाज मांडवभर उभा राहिला. बायका बोलायच्या थांबल्या. कोणी डोळ्यांना पदर लावला. सुरुवातीला सगळं छान चाललं. मग गाणं तेलापाशी आलं आणि तेल घेऊन येणाऱ्या सवाष्णी अजून पार्लरमधून आल्या नव्हत्या. गाणं त्यांच्यासाठी थांबलं नाही. तेल संपवून ते हळदीकडे निघालं.

"अरे थांबव, थांबव त्याला!" गुणवंत ओरडला.

"रुको ना काका, बॅक घेतो," निकेत म्हणाला. बॅक घेताना दोन बटणं दाबली गेली, आणि डबी मागे जायच्या ऐवजी थेट पुढे, पितरांच्या बोलावण्यावर गेली.

"या हो या, मिठागराच्या वाटेनं या, राघोबाबा, तुमच्या नातीची हलद हाय..."

राघो हा पंढरीनाथचा बाप. डबीत नावं होती ती पंढरीनाथच्या घरची. ज्या लग्नात ती भरली त्या घरचे सगळे मेलेले तिच्यात बसले होते, आणि हे गावात कोणाच्याच, अगदी शांतीच्याही ध्यानात आलं नव्हतं. ती सखूबाईच्या हसण्यासाठी ऐकत होती. नावं तिच्या कानावरून वाहून गेली होती.

गुणवंतची ऐंशी वर्षांची आई काठी टेकत उठली. "राघोला माझ्या मांडवात कोनी बोलवला?"

मिठागरात पाणी सोडण्यावरून राघोचं आणि तिच्या नवऱ्याचं बिनसलं ते दोघे मरेपर्यंत.

"बावीस वरसं आमच्या दारासमोरनं तोंड फिरवून गेला मेला! आनी आज पयला मान त्याला?"

मागून कोणी म्हणालं, "आजी, आता काय, जेवूनच जाईल तो." काही जण हसले. पण म्हातारी हसली नाही, आणि हळदीची नवरी सुचेता तर रडायच्या बेतात आली.

"आजी, टेन्शन नको, आगे भगाता हूँ," निकेत म्हणाला.

"कुठं भगवतोस? बोलवलेला मानूस भगवता येतो? आनी आमचं मानूस? ते बाहेरच उभं हाय. त्याला कोन बोलवनार?"

शांती खुर्चीवरून उठली. सावकाश पाटापर्यंत गेली. डबीची वायर तिने स्वतः उपटली, डबी कमरेला खोचली आणि ती पाटावर बसली. हेमांगीला जवळ बोलावून तिच्या कानात काही सांगितलं.

"आई म्हणतायत," हेमांगी मोठ्याने म्हणाली, "राघोबाबांसाठी एक पान वेगळं वाढा. चूक आपली आहे, त्यांची नाही. आले आहेत तर जेवून जातील."

 म्हातारीने काठी जमिनीवर आपटली. मग सुनेला म्हणाली, "वाढ. पन वडा एकच वाढ."

आता बायका खरंच हसल्या.

मग शांतीने हात उचलला आणि मांडीवर ताल धरला. बायकांना चाल ठाऊक होती, जन्मभर ऐकलेली. पहिल्यांदा दोघींनी गायलं, मग पाचजणींनी. आवाज वेडावाकडा, कोणाचा वर, कोणाचा खाली. या हो या, मिठागराच्या वाटेनं या... आणि इथे सगळ्या थांबल्या. पुढे म्हातारीच्या नवऱ्याचं नाव होतं. म्हातारीने ते साठ वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. सुनांनीही सासऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. धवलारीण लागते ती याचसाठी. घरच्या बाईला जे नाव घेता येत नाही, ते ती घेते.

मांडवात इतकं शांत झालं की पंख्याची पाती ऐकू आली. शांतीने श्वास घेतला आणि ती कुजबुजली, "धर्माबाबा."

तेवढंच. पण सगळ्यांनी ऐकलं. म्हातारी मटकन खाली बसली आणि तिने दाराकडे बघितलं, कोणाला तरी आत यायला जागा करावी तशी थोडी बाजूला सरकली. बायकांनी पुढची ओळ उचलली. त्या घरची सात नावं झाली. प्रत्येक नावाला गाणं थांबलं, मांडव थांबला, आणि ती कुजबुज पुरली. तेलवाल्या सवाष्णी तोवर पोचल्या.

घरी आल्यावर शांतीने डबी हेमांगीपुढे ठेवली. "ह्यातली नावं काढता येतील?"

"येतील. तिथे नुसती मोकळी जागा राहील."

"राव दे. चाल शिकायला बरी हाय पोरींना. मी किती दिस शिकवनार? पन नावं तिच्यात नको."

"आणि सखूबाईंचं हसणं?"

"ते नको काढू. ते गान्यातलंच हाय."

दोन आठवड्यांनी बाळा आला. चेण्याचा, रेतीच्या ट्रकांवर हिशेब ठेवणारा. त्याच्या भाचीचं लग्न होतं. दारातूनच म्हणाला, "काकी, ती डबी नेऊ का? हळदीला लागेल. सोमवारी परत आणून देतो."

"हलद कवा?"

"रविवारी."

"आज काय वार?"

"शुक्रवार."

शांती आत गेली. पिशवीत एक लुगडं, औषधाच्या गोळ्या, डबी आणि तिचा चार्जर घातला. हेमांगी म्हणाली, "आई, दोन दिवस? डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय."

"बोलनार न्हाय. ऐकनार हाय. त्यांच्यात कोन कोन गेलं ते नको ऐकाया?"

बाळा गोंधळला. "काकी, म्हणजे तू पण येणार?"

"डबी एकटी जात न्हाय," शांती म्हणाली, आणि तो चपला घालायच्या आधीच पायरी उतरली.

हेमांगीला कामावर जायला उशीर होत होता, तरी ती दारात उभी राहिली. समोरच्या इमारतीच्या गेटजवळ वॉचमनही खुर्चीतून बघत होता. गल्लीत पाण्याचा टँकर उभा होता. शांती त्याच्या बाजूने तिरकी होऊन निघाली, पिशवी छातीशी धरून. चेण्याचा रस्ता बाळाला ठाऊक होता, पण बाळा मागे होता आणि ती पुढे चालत होती. गल्लीच्या वळणावर ती थांबली नाही, मागेही बघितलं नाही. तिचा हिरवा पदर टँकरच्या पलीकडे दिसेनासा झाला, तेव्हा हेमांगीने दार ओढून घेतलं.