अनुपच्या कूलरचा स्टँड

अनुप खुर्चीवर बसण्याआधी तिचे पाय हलवून पाहतो. कपाचा कान कुठून तुटेल, ते चहा पिण्याआधी ठरवतो. लग्नात आधी मांडवाचे खांब पाहतो, मग नवरदेव. भाकरीचे हल्ली बारीक त्रिकोण करून खातो.

अमरावतीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला त्याने नवं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं, तेव्हापासूनचं हे. वस्तूचं चित्र काढायचं, त्याचे बारीक त्रिकोणी तुकडे पाडायचे, वस्तू कुठे टेकली आहे आणि तिच्यावर वजन किती, ते सांगायचं. ती किती वाकेल, हे सॉफ्टवेअर दाखवतं. अनुपने घरच्या कूलरचा लोखंडी स्टँड घेतला. पहिल्या खेपेस पाय जमिनीला टेकवायचे राहिले. स्टँड पडद्याबाहेर उडून गेला.

दुसऱ्या खेपेस पाय टेकवले, पाण्याचं वजन ठेवलं. स्टँड दारुड्यासारखा झुकला. कोपरे लालभडक.

अनुप धावत बाहेर गेला. खिडकीला लावलेला कूलर बंद केला, पाणी सोडून दिलं. मे महिन्याची दुपार होती. चार वाजता अकोल्याहून पाहुणे त्याच्या बहिणीला, मायाला, पाहायला येणार होते.

"काहून बंद केला रे?" इंदूबाईंनी विचारलं.

"आई, स्टँड वाकून राहिला."

"कुठी?"

"कम्प्युटरात."

"मंग पाहुण्यायले कम्प्युटरात बसव! चारच्या आत कूलर सुरू पाह्यजे मले."

अनुपने वर्गातल्या आरतीला फोन लावला.

"पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाह्य," ती म्हणाली. "किती पट लिहिलं आहे?"

"दोन हजार."

"म्हणजे वाक दोन हजार पट फुगवून दाखवून राहिला तो. खरा केसाएवढाबी नाही, बावळ्या."

"अन् लाल?"

"त्या स्टँडात सगळ्यात जास्त ताण तिथं, एवढंच. आपल्या वर्गात पहिला येणारा विद्यापीठात पहिला असते का?"

दुपारी नळ नसतो. अनुप टाक्यातून बादल्या भरून कूलरमध्ये ओतू लागला. कूलरमध्ये जेमतेम तळाला पाणी आलं, तेव्हा तो थांबला. एवढ्याच पाण्याने स्टँड किती वाकत असेल? तो आत जाऊन कम्प्युटरसमोर बसला.

पाहुणे आले. जयभीम झाले. इंदूबाईंनी हसत कूलरचं बटण दाबलं. पंपाला पाणी पुरेना.

"वारा गरम येऊन राहिला," नवऱ्या मुलाचे वडील घाम पुसत म्हणाले.

"अनुप!" इंदूबाईंनी हसू तसंच ठेवून हाक मारली.

"आलो, आई. गणित चालू आहे."

भरलेली बादली तशीच खिडकीखाली उन्हात होती.