बोगनवेलीचा उपास

म्हैसूरच्या एका कॉलेजात मालोजीराव अठ्ठावीस वर्षं माळी होते. पूर्वज महाराजांच्या फौजेतले, त्यामुळे मान ताठ आणि जीभ फटकळ. थंडी पडली की ते फाटकावरच्या बोगनवेलीचं पाणी तोडत आणि नळाची चावी कमरेला लावून फिरत.

यंदा वनस्पतीशास्त्राच्या नव्या प्राध्यापिका, अन्विता मॅडम, पिवळी पानं पाहून भडकल्या. "अहो, वेल मरतेय!"

"मरत नाही, तिचा उपास चाललाय. पाण्यानं पानं फुटतात, तहानेनं फुलं. स्वल्प थांबा की," मालोजीराव म्हणाले.

मॅडमनी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. मालोजीरावांनी खुलासा दिला नाही आणि चावीही दिली नाही.

शिवरात्रीच्या आठवड्यात थंडी सरली आणि फाटक असं फुललं, की एक पान दिसेना. रस्त्यावरच्या स्कूटरी थांबू लागल्या. शेवटी मॅडम अख्खा वर्ग घेऊन खाली आल्या. "आज तुम्हीच शिकवा," त्या हळूच म्हणाल्या.

मुलं गवतावर बसली. सातवी नापास मालोजीरावांनी खाकी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि उभ्याच राहिलेल्या मॅडमकडे वळून ते म्हणाले, "तुम्हीपण बसा. तास सुरू झालाय."