डोक्यावरची चप्पल

मी पगार घेते तो तान्ह्या बाळांना हसवण्याचा. असं सांगितलं की लोकांना चेष्टा वाटते. चिकलठाण्याच्या बाजूला एका संस्थेची खोली आहे, तिथं आम्ही बाळांचं हसू तपासतो. बाळाला आईच्या मांडीवर बसवायचं, समोर कॅमेरा, आणि माझ्यासारखी एखादी बाई काहीतरी उलटंसुलटं करते. बाळ कशाला हसतं यावरून त्याची समज कळते. चप्पल पायात घालायची असते हे ज्याला उमगलंय, त्यालाच ती डोक्यावर पाहून हसू येतं.

आधी चप्पल नव्हती. आम्हाला शिकवायला आलेल्या मॅडमनी स्टीलचं भांडं डोक्यावर ठेवायला सांगितलं होतं. बजाजनगरकडची बाळं ढिम्म. त्यांच्या आया घमेली नि पाट्या डोक्यावर वाहणाऱ्या, डोक्यावर भांडं यात त्यांना नवल ते काय? मॅडम विचारात पडल्या. मग आम्ही नवीकोरी चप्पल आणली आणि खोलीत हशा पिकला. सोबत आलेल्या आज्या मात्र नाराज व्हायच्या. चप्पल ती, डोक्यावर कशी घेतली म्हणून.

हे सगळं मी चितेगावला भावाच्या घरी कौतुकानं सांगितलं होतं. भाऊ कंपनीत जातो, आई अजून शेळ्या राखते. भावजय तेव्हा गरोदर होती. पोरगं झालं, वर्षाचं होऊन गेलं, तरी आपण होऊन हसेना, कुणाकडं बघेना. कान-डोळे तपासले, ते ठीक निघाले. शेवटी डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मेंदूची वाढ खुंटलीय, फार आशा धरू नका. भावजयीनं ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला.

"वन्सं, तुमच्या त्या खोलीत घ्या की त्याला. तिथं हसला म्हंजे डॉक्टर खोटा."

"अगं, ती काय दवाखान्याची तपासणी नाय."

"नसू द्या. तुम्हीच म्हनला व्हता, हसतंय त्याला कळतंय."

म्हटलं होतं खरं. मी तारीख दिली.

घरचं मूल असल्यामुळं मला समोर बसता येत नव्हतं. माझ्यासोबत तिथं काम करणारी मैत्रीण चप्पल घेऊन बसली, मी शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत होते. भावजयीनं पोराला तीट लावून, नवं झबलं घालून आणलं होतं. मैत्रिणीनं चप्पल डोक्यावर ठेवली आणि पोरगं खिदळलं. मी खुर्चीवरून उठलेच. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. मग दिसलं, पदराखाली भावजयीची बोटं त्याच्या बरगड्यांवर चालली होती.

गुदगुल्यांनी कुणीही हसतं, त्याला काही कळावं लागत नाही. मैत्रिणीच्याही ते ध्यानात आलं. तिनं पोराला पट्टा लावून छोट्या खुर्चीत बसवलं आणि भावजयीला बाजूला बसायला सांगितलं. भावजय कॅमेऱ्याकडं बघत होती, म्हणजे माझ्याकडंच.

चप्पल पुन्हा डोक्यावर गेली. पोरगं खिडकीच्या उजेडाकडं बघत राहिलं. मैत्रिणीनं चप्पल पाडली, उचलली, परत ठेवली. काही नाही. तेव्हा भावजय हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, टाळ्या वाजवत. "बघ की रं, डोस्क्यावर चप्पल." आमच्या तपासणीत बाळाच्या आधी त्याच्या आईनं हसायचं नसतं, तिला थांबवायला हवं होतं. आमच्यानं थांबववलं नाही. ती एकटीच हसत राहिली, मग दमून गप्प झाली.

परतताना गाडीत ती म्हणाली, "पहिल्या येळेला हसला, तेवढं धरा की वन्सं."

"तिथं नाय गं धरता येत."

"मला ठाव हाय. घरी धरा म्हनते मी. आईंना तुम्हीच सांगा."

मला तिचा राग आला, माझ्या नोकरीचा आला, आणि खिडकीबाहेर बघणाऱ्या त्या पोराचाही आला. घरी पोचलो तेव्हा आई दारात शेळ्यांना पाला टाकत होती. मी म्हटलं, "हसला." आईनं हात धुतले, पोराला मांडीवर घेतलं आणि तो हसायची वाट बघत बसली.