आबांच्या नावावर

सत्तरच्या दशकात मी कराडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. पीएच.डी. झाली होती, पण पुढच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायला विद्यापीठाची मान्यता हवी होती. समितीने विचारलं, "तुमच्या कामाचा संदर्भ आजवर कुणी घेतलाय का?" मला ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागेना. शिकवताना अर्धं वाक्य फळ्यावर सोडून खिडकीशी जाऊन उभा राहायचो. रसायनवाल्या सहकाऱ्याचे संदर्भ परदेशातले लोक घेत आणि ती बातमी तो स्टाफरूममध्ये चहाबरोबर वाढायचा. त्याचा मला मनापासून राग यायचा.

माझं काम होतं कुसळीवर. जतच्या माळावरचं हे गवत. त्याचं कुसळ ओलं झालं की पीळ सुटतो, ते गरगरतं आणि बी जमिनीत शिरतं. लोकरीत अडकलं तर मेंढीच्या कातडीत तसंच शिरतं. आमचं घर धनगराचं. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मेंढरांची कुसळं उपटण्यात माझं लहानपण गेलं. त्यावरचा माझा निबंध एका परदेशी नियतकालिकात छापून आला होता.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संदर्भसूचीचे जाडजूड खंड येत. जगात कुणी कुणाचा आधार घेतला, हे त्यात लेखकाच्या आडनावाखाली सापडायचं. एस.टी.ने गेलो. माझ्या आडनावाखाली शोधलं, मी नाही. स्पेलिंग बदलून पाहिलं, तरी नाही. त्या आडनावाचा कुणी दंतवैद्य मात्र होता आणि त्यालाही लोक विचारत होते!

चिडून मेंढ्यांवरची नियतकालिकं उपसायला लागलो. एका ऑस्ट्रेलियन लेखात माझीच मोजमापं, माझीच आकृती, आणि खाली श्रेय भलत्याच माणसाला. डोकं सणकलं. चोरी! ग्रंथपालाला हाक मारणार तोच नाव पुन्हा वाचलं. ते आबांचं होतं.

शाळेच्या हजेरीत लिहितात तसंच मी निबंधावर नाव घातलं होतं. आधी आडनाव, मग माझं, शेवटी वडिलांचं. तिकडे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. मग सूचीत आबांचं नाव काढलं आणि बघतच राहिलो. वनस्पतीवाले, मातीवाले, जनावरांचे डॉक्टर, एवढंच काय, पीळ कसा सुटतो हे पाहणारा एक पदार्थविज्ञानवालाही, सगळ्यांनी आबांचा आधार घेतला होता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो हेवा, तोही सख्ख्या बापाचा.

जतला घरी जाऊन हसत हसत सांगितलं. आबा हसले नाहीत. "माजं नाव? तिकडं छापलंय?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. बाजारात कन्नड बोलणाऱ्या घोंगडीवाल्यालाही त्यांनी ते थांबवून सांगितलं.

समितीला मात्र पटेना. हे नाव तुमचंच कशावरून? वडील हयात आहेत, तर त्यांचं प्रतिज्ञापत्र आणा. त्या कागदावर मला मान्यता मिळाली, हे इथेच सांगून टाकतो. तेव्हा मात्र जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी समिती बसणार होती. आबांना घेऊन जतच्या कोर्टात गेलो. बाहेरच्या टायपिस्टने मजकूर तयार केला आणि मी तो वाचून दाखवला. "सदर लेखन मी केलेले नाही. मला लिहिता-वाचता येत नाही. सदर कामाशी माझा काहीही संबंध नाही." शेवटचं वाक्य मी भरभर उरकलं.

आबांनी ऐकून घेतलं. "खरं हाय त्ये," म्हणाले आणि अंगठा पुढे केला.

स्टँडवर आल्यावर अंगठ्याची शाई धोतराला पुसत त्यांनी विचारलं, "मंजे आता तितनं माजं नाव काडत्यात व्हय?"

"न्हाई आबा. छापल्यालं कसं काडतील? पुस्तकं गेली की सगळ्या जगात. ऱ्हाईल तसंच."

त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. माझं अर्धं लक्ष गाडीकडे होतं. आबा अजून अंगठाच पुसत होते.

"मग माज्याकडनं कशाला वदवून घेतलंस रं, माजा काय संबंध न्हाई म्हनून?"

कराडची गाडी लागली. मी पळत जाऊन जागा धरली.