झाडलेली जमीन

बेटावर तिला सगळे कडू अक्का म्हणत, आणि ते नाव तिने स्वकष्टाने कमावलेलं होतं. जंगल दाखवणं हा तिचा धंदा, पण येणाऱ्या पाहुण्यांशी ती अशी बोलायची की जणू त्यांनी तिच्या घरातलं काहीतरी लांबवलंय. मोठ्याने हसलात? चला परत. अंगाला अत्तर फासलंत? मग इथेच बसा, माकडं येतील भेटायला. तरीही लोक तिलाच मागायचे, कारण कुठल्या फांदीवर काय बसलंय ते तिच्याइतकं कुणाला दिसत नसे.

एक झाड मात्र तिने कुणालाही दाखवलं नव्हतं. टेकडीवरच्या त्या जुनाट झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी दरवर्षी स्वतःला कोंडून घ्यायची. ढोलीचं तोंड लिंपून बंद, चोच बाहेर येईल एवढीच फट. नर फळं आणून भरवेल तेव्हा आतल्या मायलेकरांचं पोट भरणार. तो बिचकला की संपलं. आणि खाल्लेल्या फळांच्या बिया खाली पडतात. बियांचा ढीग म्हणजे घरट्याची चुगली. म्हणून आधी नवरा, आणि तो गेल्यावर अठरा वर्षं अक्का, दर दोन दिवसांनी सकाळी खराटा घेऊन जायची आणि बुंध्याखालची जमीन लख्ख करायची. त्या जमिनीत गवताची काडी उगवत नसे. नवरा म्हणायचा, म्हातारं झाड आहे, सगळा कस शोषून घेतं. अक्कालाही ते पटलेलं होतं.

लॉजवाला धाकटा दीर आणि ती यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. कारणही तसंच. मागच्या वर्षी त्याने दुसरं एक घरटं हुडकलं आणि मादी चोच बाहेर काढते का बघायला लोकांसमोर बुंध्यावर दगड आपटला. नर पाच दिवस फिरकला नाही. सहाव्या दिवशी ढोलीला मुंग्या लागल्या. वर हा निर्लज्ज म्हणतो कसा, ‘‘पक्षीच तो, वहिनी. दुसरा येईल.’’ त्या दिवसापासून अक्काने त्याच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही.

यंदा एका दुपारी तो आपणहून तिच्या ओट्यावर येऊन बसला.

‘‘सापडलं बरं का तुमचं गुपित.’’

‘‘कसलं गुपित?’’

‘‘अख्ख्या टेकडीवर घोटाभर पाचोळा, आणि एकाच झाडाखाली अंगण झाडल्यासारखं! जंगलात केर कोण काढतं हो, वहिनी? उद्या सकाळी बारा जण आणतोय. झाड लक्षात ठेवायचीसुद्धा गरज नाही. झाडलेली जमीन दिसली की थांबायचं.’’

‘‘भावजी, ढोलीत पिल्लू आहे.’’

‘‘मग तर दुधात साखर!’’

‘‘तंगडं मोडून हातात देईन.’’

‘‘द्या की. लॉजवर टांगून ठेवतो,’’ असं म्हणून तो हसत गेला.

अक्काच्या अंगाची लाही लाही झाली. त्याचा राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा. चोराच्या हाती किल्ल्या आपणच दिल्या की! तिने खराटा उचलला आणि टेकडी चढली. आधी आपल्या झाडाखाली कवेत भरभरून आणून पाचोळा पसरला. मग दिसेल त्या थोराड झाडाखालची जमीन झाडत सुटली. अंधार पडला तेव्हा चाळीसेक झाडं झाली होती आणि तळहात सोलवटले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मंडळी खाली आली ती घामाने निथळत. एक बाई दिराला विचारत होती, ‘‘केर काढलेला दाखवायला आणलंत का आम्हाला?’’

दीर तरातरा अक्कापाशी आला. ‘‘थट्टा करता माझी?’’

‘‘तुम्हीच म्हणालात ना, झाडलेली जमीन दिसली की थांबायचं? थांबला नाहीत वाटतं.’’

‘‘ठीक आहे. आता तुम्ही खराटा घेऊन निघालात की मी पाठोपाठ आलोच म्हणून समजा.’’

तो बोलल्याप्रमाणे वागणारा होता. अक्काने खराटा खुंटीला अडकवला तो दोन महिने काढला नाही. आत पिल्लू जगलं की मेलं, काही कळेना. जीव तीळतीळ तुटायचा, आणि त्याचं सगळं उट्टं ती पाहुण्यांवर काढायची.

शेवटी दीर खरेदीसाठी बोटीने पलीकडे गेला, तेव्हा ती खराटा घेऊन धावली. झाडाखाली लिंपणाचे तुकडे पडलेले, ढोलीचं तोंड सताड उघडं. तेवढ्यात वरून ओरडा आला. एकाचा नाही, तिघांचा. मोठे दोन, आणि फांदीवर धड बसताही न येणारं एक वेंधळं पिल्लू. अक्का तिथेच बसून रडली.

डोळे पुसून तिने झाडायला खराटा टेकवला, आणि हात थांबला. पाचोळ्यातून बोटबोटभर हिरवी रोपं वर आली होती. पाच नाहीत, दहा नाहीत, शंभरेक असतील. धनेशांच्या फळांची. अठरा वर्षं ज्या जमिनीला ती नापीक समजत होती, त्या जमिनीतून. दर दोन दिवसांनी तीच तर त्या बिया झाडून टाकत होती.

‘‘अगं सटवे,’’ ती स्वतःलाच म्हणाली, ‘‘दीर परवडला. त्याने एकच घरटं मारलं.’’